ज्याला वास येत नाही त्याने मासा कसा घ्यावा

मला वास येत नाही. वीसेक वर्षं झाली असतील. फुलाचा नाही, गटाराचा नाही, करपलेल्या भाजीचा नाही. हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं, आणि तिला जाऊन आता सव्वा वर्ष झालं.

मी सातवी पास. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होतो. अमोनिया, ॲसिड, सगळं हाताखालून गेलं. नाक एकदम गेलं नाही. आधी चहाचा वास कमी झाला, मग साबणाचा. एकदा बाजूचा नवीन पोरगा तोंडाला रुमाल लावून पळत सुटला आणि मी तिथेच उभा राहून वहीत आकडे लिहीत होतो. पाइपाचा सांधा गळत होता. सगळे म्हणाले, काय छातीचा माणूस आहे. छाती कसली, मला काही कळलंच नव्हतं.

आमच्या कामात अर्धं काम नाकाचं. नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर मला प्लांटवरून काढून बारदानं शिवायला बसवलं असतं, नाहीतर घरी. पोरगा तेव्हा कॉलेजात. म्हणून बोललो नाही. चूक होती, आता कळतं. माझ्याबरोबर दुसरेही मेले असते. पण तेव्हा नाही बोललो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं आहे ना धड? तेवढ्यावर भागवू."

तिने ते भागवलं. दूध नासलंय का, बनियन धुवायला टाकायची का, गॅस नीट बंद झालाय का, सगळं ती हुंगायची. पाहुणे आंबे घेऊन आले की ती माझ्या आधी बोलायची, "काय घमघमाट सुटलाय हो!" मग मी मान हलवायचो. पोराला वीस वर्षांत पत्ता लागला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचा वास कपड्यांना राहतो. राहत असेल. मी तिची साडी नाकाला लावून बघितली एकदा. सुती कापड होतं.

पोरगा राहतो ठाण्याला, कोलशेतला, सतराव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी दिसते. जागा चांगली आहे, सूनबाई चांगली आहे, नात तर विचारूच नका. पण मला तिथे करायला काही नाही. खुर्चीत बसायचं, कोणीतरी पाणी आणून द्यायचं, खाडी बघायची. डोंबिवलीत माझ्या दोन खोल्या आहेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरलो की दहा माणसं ओळखीची. किल्ली माझ्या खिशात. मला इथेच राहायचं आहे.

बायको गेल्यावर पोरगा दर रविवारी यायला लागला, सूनबाईला आणि नातीला घेऊन. माणकोलीचा पूल झाल्यापासून गाडीने फार वेळ लागत नाही. येताना हॉटेलातलं पार्सल आणायचे. तेच चार डबे, तोच लाल रस्सा, आत काय आहे ते बदलायचं. जेवण झालं की पोराचा विषय ठरलेला.

"बाबा, चला आता तिकडे. एकटे किती दिवस काढणार?"

"काढतोय की."

"काय काढताय? आठवडाभर वरणभात खाता. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला."

"वरणभाताने माणूस मरत नाही."

"तुम्ही स्वतःचं नीट करून खाताय असं एकदा मला दिसू दे," तो म्हणाला, "मग मी एक शब्द बोलणार नाही. नाही दिसलं तर दिवाळीच्या आधी सामान हलवायचं."

तो असाच आहे, तोडून बोलणारा. माझ्यावर गेलाय.

त्याच दिवशी जाताना नात जिन्यात आईला म्हणाली, "मम्मा, आता आजीच्या घरी मासे नसतात ना कधीच?" नऊ वर्षांची आहे. तिच्या मनात काही नव्हतं. पण दाराआड उभा राहून मी ते ऐकलं आणि ठरवलं, पुढच्या रविवारी पार्सल नाही. मासे मी करणार.

आम्ही मूळचे मालवणकडचे. मासा खाल्ल्याशिवाय आमचा रविवार होत नाही. पण खाणं वेगळं आणि करणं वेगळं. पन्नास वर्षं मी पिशवी धरून बाजाराच्या तोंडाशी उभा राहिलो, आत ती जायची. स्वयंपाकघरात मी फार तर नारळ फोडला. तेव्हा सोमवारपासून माझा एकच विचार, करायला सोपा मासा कुठला?

बोंबील आठवले. ते दाबून पाणी काढायचं असतं, नाहीतर तव्यावर लगदा. नको. मांदेली बारीक, एकेक साफ करायची, माझी बोटं आता थरथरतात. कोळंबीचा धागा काढायचा तर चष्मा कपाळावर की नाकावर ते ठरेना. कर्लीत काटे इतके की नातीच्या घशात एक गेला तर पोरगा मला त्याच दिवशी गाडीत घालील. सुरमईचे तुकडे सोपे, पण ते तळायचे, आणि तेलाशी माझं जमत नाही.

मग मोरी सुचली. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्कचं पिल्लू म्हणतात ते. तिला काटाच नसतो, मधे एक मऊ कणा. गरम पाण्यात बुडवून खरवडली की खरखरीत साल निघते. आमच्याकडे तिचं मटणासारखं करतात, भाजलेलं वाटण, गरम मसाला. सूनबाई कराडकडची, मटणावर वाढलेली, तिलाही चालेल. पोरीला काट्याची भीती नाही. मला वाटलं, झालं काम. एवढ्या अकलेचा मासा आजवर कोणाला कसा सुचला नाही?

आता बाजारात जायचं. आमची ठरलेली कोळीण होती, बायको वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायची. मी तिच्याकडे गेलो नाही. खरं सांगतो, तिने "म्हातारी कुठं?" म्हणून विचारलं असतं आणि मला ते सगळ्या बाजारात, ओल्या फरशीवर उभं राहून सांगायचं नव्हतं. सव्वा वर्ष मी त्या गल्लीने जातच नव्हतो. म्हणून शनिवारी दुपारी रस्त्यावर एक हातगाडीवाला दिसला, त्याच्याकडून मोरी घेतली. त्याने सोलून, तुकडे करून पिशवीत घालून दिली. "एकदम ताजा माल, चाचा," म्हणाला. तुकडे पांढरे, स्वच्छ दिसत होते. रविवारी सकाळी घाई नको म्हणून घेतली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली.

मोरीची एक खोड आहे. ती जुनी झाली की तिला अमोनियाचा वास सुटतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बायको कितीदा बोलली असेल. पण ज्या गोष्टीने माझं नाक मारलं तीच माझ्या फ्रिजमध्ये बसलीय, हे मला सांगणार कोण?

सकाळी सहाला उठलो. खोबरं भाजलं, कांदा भाजला, मिक्सर लावला. रंग सुरेख आला. मला रंगातलं कळतं, जन्म त्यातच गेला. चव घेऊन बघितली, तिखट-मीठ बरोबर. नाक गेलेल्या माणसाला तेवढंच कळतं, तिखट, खारट, आंबट. मी खूश होऊन भाताचा कुकर लावला, चार पानं मांडली.

बारा वाजता ती तिघं आली. दार उघडलं तशी नात उंबऱ्यातच थांबली.

"ई! आजोबा, शाळेच्या बाथरूमसारखा वास येतोय!"

"गप," सूनबाई म्हणाली, पण तिनेही ओढणी तोंडावर घेतली.

मला वाटलं, खालच्या चेंबरचं काहीतरी असेल. मी म्हणालो, "आत या, आत या, आत छान वास आहे. मोरीचं मटण केलंय."

पोरगा सरळ आत गेला. टोपावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. खिडकी उघडली. मग माझ्याकडे वळला.

"बाबा, हे तुम्ही हुंगून नाही बघितलं?"

"बघितलं की."

"बाबा, डोळ्यांतून पाणी येतंय माझ्या. तुम्ही सकाळपासून यात उभे आहात?"

मी काहीतरी बोलणार होतो. सर्दी झालीय म्हणून वेळ मारून नेणार होतो. वीस वर्षं मारलीच की. पण माझ्या आधी बोलून सावरणारं आता कोणी नव्हतं. नात माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खुर्चीवर बसलो.

"मला वास येत नाही," म्हणालो.

"कधीपासून?"

"तू कॉलेजात होतास तेव्हापासून."

पोरगा हिशेब करत होता, पण वर्षांचा नाही. त्याची नजर शेगडीवर गेली, तिथून खालच्या सिलिंडरवर, तिथून माझ्यावर.

"म्हणजे गॅस सुटला तर..." तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट. "सव्वा वर्ष तुम्ही एकटे इथे झोपताय. सिलिंडर, बंद खिडक्या. आणि मी वरणभातावरून भांडतोय."

"मी झोपताना तीनदा बटण बघतो."

"बटण बघून गॅस दिसतो का? आज दिवाळी नाही आणि काही नाही. बॅग भरा."

"मी येणार नाही."

"मग मी इथे राहू का? सांगा, मी राहतो!"

त्याचं बरोबर होतं. कारखान्यात माझ्यासारखा माणूस मीच पकडला असता तर मी त्याला गेटाबाहेर काढला असता.

सूनबाई पुढे झाली. तिने टोप उचलला, दोन पिशव्यांत उपडा केला, गाठ मारली. मग म्हणाली, "बाबा, आईंना माहीत होतं?"

"तिलाच होतं."

"म्हणून त्या माझी कॉफीसुद्धा तुमच्या आधी हुंगायच्या. मी आपली समजायचे, सासूबाईंना माझा भरवसा नाही." ती हसली आणि मग डोळे पुसले. मोरीमुळे असेल. "अहो," नवऱ्याला म्हणाली, "भीती गॅसची आहे ना? मग गॅस काढा. माणूस कशाला काढताय?"

"आणि शिळं खाल्लं तर?"

"वरणभात रोजच्या रोज होतो, तो शिळा कुठून होणार? रविवारचा मासा मी बघीन."

"तुला माशातलं काय कळतं? कालपर्यंत तुला पापलेट आणि हलवा ओळखता येत नव्हता."

"ओळखायला बाबा आहेत. मला नाक आहे," ती म्हणाली. "आता कोणीतरी खाली जाऊन वडापाव आणा, पोरगी उपाशी आहे."

पोरगा खाली गेला. कबूल झाला असं नाही. येताना वडापाव आणले आणि एवढंच म्हणाला, "चार रविवार बघतो."

त्या आठवड्यात सिलिंडर गेला. शेगडीही गेली. त्या शेगडीच्या डाव्या बर्नरवर बायको फक्त दूध तापवायची, उजवा कालवणाचा, तो काळा झाला होता. न्यायला आलेल्या माणसाला मी म्हणालो, घेऊन जा, पुसत बसू नकोस. त्याच्या जागी विजेची, इंडक्शनची शेगडी आली. तिच्यावर बायकोचे ॲल्युमिनियमचे टोप चालत नाहीत. एकही नाही. मी आठ टोप एकेक करून ठेवून बघितले, ती नुसती टुंईटुंई ओरडते. स्टीलचं एक सपाट पातेलं निघालं, त्यावर सगळं आलं.

रविवारी सूनबाई सकाळी आठला एकटी आली. मी म्हणालो, चल, आपल्या कोळणीकडे जाऊ. टाळण्यात आता काही अर्थ नव्हता, एक लपवलेलं बाहेर आलंच होतं.

कोळणीने मला लांबूनच ओळखलं. ती सगळ्यांनाच अरेतुरे करते, कलेक्टर आला तरी करील.

"आलास काय रे बाबा? वरीस झाला, दिसला नायस. म्हातारी कुठं तुजी?"

"गेली."

"गावाला?"

"नाही. गेली. सव्वा वर्ष झालं."

तिचा कोयता लाकडावर तसाच राहिला. मग ती माझ्यावरच उखडली. "आन आज सांगतस? सव्वा वरीस मी बसलंय हितं, म्हनते दुसरी कोन गावली काय हिला? मनातनं शिव्या घातल्या रे मी तिला!" पदराने तोंड पुसलं. "एकेक मासा हुंगायची. मी म्हनायची, बाय, हुंगूनच प्वाट भरनार हाय काय तुजा?"

"माझ्यासाठी हुंगायची," मी म्हणालो. "मला वास येत नाही."

हे मी बाजारात मोठ्याने बोललो. बाजूच्या दोघी बघायला लागल्या. काही झालं नाही. मला वाटलं होतं तेवढंही काही झालं नाही.

"मंग डोळं हायत ना?" कोळीण म्हणाली. "वास नाय तर कापलेला घ्यायचाच नाय. कापल्यावं त्याचा डोळा कुठं आन तोंड कुठं? आख्खा घे. बांगडा घे." तिने एक बांगडा डोक्याशी धरून आडवा उचलला. तो सुरीसारखा सरळ राहिला. "ह्यो बघ, ताठ हाय. शेपटी खाली लोंबली तर ठेव माज्या टोपलीत परत आन मला चार गोष्टी सुनव." मग कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला. लाल असेल तर घे, तपकिरी असेल तर चालू पड. पोट दाबलं तर बोटाचा खड्डा राहता कामा नये.

मी एकेक उचलून बघितला. रंग, ताठपणा, पोटाचा घट्टपणा, हे मला जमण्यातलं होतं. पाइप तपासल्यासारखं. सहा वेगळे काढले. सूनबाईने ओढणी बाजूला करून वाकून सहाही हुंगले आणि एक परत ठेवला.

"का गं? त्याला काय झालं? ताठ आहे की."

"मला नाही आवडला," ती म्हणाली.

कोळीण खो खो हसली. "घे! म्हातारीच आली परत."

बांगडा सोपा. नातवंडांसाठी असेल तरी सोपा, मधला काटा धरून उचलला की बाजूचं मांस सुटतं. त्याचं तिखलं करायचं. तळायचं नाही, वाटण नाही, मिक्सरही नको. पातेल्यात बांगड्याचे तुकडे, लाल तिखट, हळद, मीठ, ठेचलेली लसूण, चार-पाच आमसुलं, तिरफळं असतील तर ठेचून दहाबारा. तुकडे बुडतील न बुडतील एवढं पाणी. वरून कच्चं तेल. झाकण ठेवायचं आणि पंधरा मिनिटं डाव घालायचा नाही. डाव घातला की तुकडे मोडतात. हलवायचं असेल तर पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं. एवढंच आहे. सातवी पासाला जमतं.

पहिल्या रविवारी मीठ जास्त झालं. दुसऱ्या रविवारी एक तिरफळ अख्खंच राहिलं, नातीने चावलं, तिची जीभ बधिर झाली आणि ती तासभर सगळ्यांना जीभ दाखवत फिरली. तिसऱ्या रविवारी पोराला काम होतं, त्या दोघीच आल्या. मला वाटलं, रागावलाय अजून. चौथ्या रविवारी तो आला. आल्या आल्या विजेच्या शेगडीची वायर बघितली, प्लग दाबून बघितला, खिडकीची कडी बघितली. मी बघू दिलं. आपण हे सांगितलं नाही वीस वर्षं, तर समोरच्याने तपासायचं नाही तर काय करायचं?

जेवायला बसलो. त्याने भात कालवला, खाल्ला, परत पातेल्याकडे हात केला. बायको असती तर विचारलं असतं, कसं झालंय रे? मी विचारलं नाही. नात म्हणाली, "आजोबा, पुढच्या संडेला पण बांगडाच?"

"बांगडाच. मला दुसरं येत नाही."

"पप्पांना बोअर होईल."

"तुझ्या पप्पाला सांग, कंटाळा आला तर घरून डबा आणायचा."

पोरगा काटे ताटाच्या कडेला लावत होता. मान वर न करता म्हणाला, "डबा कशाला? पुढच्या रविवारी मी येतो सकाळी बाजारात. हिला जरा झोपू दे." मग थोड्या वेळाने, "पण सामानाचं मी दिवाळीनंतर परत बघणार. सोडलेलं नाही मी."

"बघ की," म्हणालो.

चार वाजता ती तिघं गेली. मी गॅलरीतून गाडी वळेपर्यंत बघितलं आणि भांडी घासायला घेतली. माशाच्या ताटांना आधी बेसन लावून चोळायचं, मग साबण, असं सूनबाईने सांगितलंय, म्हणजे वास जातो. तो गेला की राहिला ते मला कळत नाही. म्हणून मी प्रत्येक ताट दोनदा घासतो.